खांब परत कसा येतो ते बघा: आरसीसी खांबाचं नुकसान संगणकावर मोजताना

आमच्या यवतमाळकडच्या डिप्लोमा-डिग्रीच्या पोरांना खांबाचं मॉडेल करायला सांगितलं की ती भार वाढवत नेतात, खांब कुठे मोडतो तो आकडा काढतात आणि तिथेच थांबतात. भूकंपात खांब एकाच बाजूला ढकलला जात नाही. तो जातो, परत येतो, पलीकडे जातो. झालेलं नुकसान परत येताना कळतं. आपल्याकडे भूकंप कुठला, असं म्हणू नका. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी हादरली तेव्हा तो भागही नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता.

लॅपटॉप उघडण्याआधी टेप घेऊन खांबाजवळ जा. आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीच्या एका खांबाचं कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, तळाशी उडालं आहे, आतली रिंग (उभ्या सळयांना बांधणारी आडवी सळई) उघडी दिसते. तिचा हूक नव्वद अंशातच वाकवलेला आहे. भूकंपासाठीच्या आयएस १३९२० या भारतीय मानकात १३५ अंश सांगितलेत ते उगाच नाही. कव्हर उडालं की नव्वदचा हूक उघडतो, गाभ्यातलं, म्हणजे रिंगांच्या आतलं, काँक्रीट मोकळं होतं, सळई बाहेर फुगते. असा हूक दिसला तर मँडरच्या १९८८ च्या सूत्राने (रिंगांनी आवळलेल्या काँक्रीटची वाढीव ताकद काढणारं) गाभ्याला जादा ताकद देऊ नका. गाभा आणि कव्हर दोन्हींना साधंच काँक्रीट द्या. रिंगांमधलं अंतर नकाशावरून घेऊ नका, जागेवर मोजा.

आता मॉडेल. ओपनसीस हे बांधकामाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पायथनमधून चालतं, साध्या लॅपटॉपवर एक खांब आरामात सोडवतं. न्यूटन आणि मिलिमीटर ही एककं धरा आणि शेवटपर्यंत बदलू नका. खांबाचा छेद फायबरमध्ये, म्हणजे लहान लहान तुकड्यांत, तोडा: कव्हर, गाभा, सळया.

काँक्रीटसाठी ओपनसीसमधलं ‘काँक्रीट०२’ हे तयार मटेरिअल घ्या. इथे दोन गोष्टींकडे बारकाईने बघा. आपली एम२० ची ताकद १५० मिमीच्या क्यूबची असते, मॉडेलला सिलिंडरची लागते. वीसला साधारण ०.८ ने गुणा, म्हणजे १६. दुसरं, या मटेरिअलचा सुरुवातीचा उतार, म्हणजे ताठपणा, तुम्ही वेगळा देत नाही. ते स्वतः ताकदीची दुप्पट भागिले त्या ताकदीवरचा स्ट्रेन (लांबीच्या प्रमाणात झालेलं आखडणं) असा काढतं. सवयीने ०.००२ स्ट्रेन टाकला तर उतार १६,००० येतो. काँक्रीटच्या आयएस ४५६ या मानकातल्या सूत्राने, ५००० गुणिले वीसचं वर्गमूळ, तो २२,३६० च्या आसपास हवा. मग स्ट्रेन ०.००१४ च्या जवळ आणा. हे केलं नाही तर खांब पहिल्या फेरीपासूनच नरम वागतो आणि पोरं त्यालाच नुकसान समजतात.

सळईला ‘स्टील०२’. परतीच्या वाटेवर सळई कोपऱ्यात वळत नाही, गोलाईने वळते, आणि ती गोलाई हे मटेरिअल छान पकडतं. पण त्यातली सळई कधीच तुटत नाही. म्हणून तिच्यावर ‘फटिग’ मटेरिअलचं वेष्टण घाला. ते प्रत्येक फेरीचा हिशोब ठेवून थकलेली सळई काढून टाकतं. सळई फुगणं मात्र यात येत नाही. आमच्या टाकीसारखा हूक असेल तर मॉडेल खांबाला खऱ्यापेक्षा मजबूत दाखवणार, हे अहवालात स्पष्ट लिहा.

तळाशी नुकसान किती लांबीत पसरेल ते तुम्हीच ठरवायचं. पॉली-प्रिस्टली यांचं सूत्र पुरतं: ०.०८ गुणिले खांबाची लांबी, अधिक ०.०२२ गुणिले सळईची यील्ड ताकद (जिथे ती कायमची ताणली जायला लागते) गुणिले व्यास. तीन मीटरचा खांब, ४१५ चं लोखंड, १६ ची सळई: २४० अधिक १४६, म्हणजे ३८६ मिमी. ही लांबी ओपनसीसमधल्या ‘हिंजराडाऊ’ला द्या, तो नुकसान खांबाच्या टोकाच्या तेवढ्याच लांबीत धरतो. सूत्राच्या दुसऱ्या भागात पायातून सळई सरकणं धरलेलंच आहे, त्यामुळे वर पुन्हा बाँड-स्लिपचं, म्हणजे त्याच सरकण्याचं, स्प्रिंग लावू नका.

आधी उभा भार पूर्ण द्या आणि तो गोठवा. मग टोक ठरावीक अंतर ढकला, परत आणा, पलीकडे न्या. प्रत्येक अंतरावर दोन-तीन फेऱ्या हव्याच. त्याच अंतरावरच्या दुसऱ्या फेरीत लूप (बळ आणि अंतर यांच्या आलेखात एका फेरीने काढलेला फेरा) किती खाली बसला, किती बारीक झाला, हे बघण्यासाठीच एवढा खटाटोप. पार्क आणि आंग यांचा १९८५ चा निर्देशांक हेच आकड्यात मांडतो: गाठलेलं अंतर आणि फेऱ्यांत जिरलेली ऊर्जा यांची बेरीज, १ म्हणजे खांब गेला.

स्वतःच्या खांबाआधी एक चाचणी झालेला खांब सोडवून बघा. अमेरिकेत बर्कलीच्या पीअर या भूकंप-संशोधन केंद्राच्या संग्रहात अशा खांबांची मापं आणि लूप मिळतात. तुमचा लूप त्यावर ठेवा आणि शिखरं जुळली म्हणून खूश होऊ नका. परतीच्या रेषा जुळतात का ते बघा.

लाइट केव्हाही जाते, तेव्हा प्रत्येक पायरीचं उत्तर लगेच फाइलमध्ये लिहायला लावा.

गणित मध्येच अडलं तर ‘खांब कोसळला’ असं लिहू नका. पायरी निम्मी करा, गणित सोडवायच्या न्यूटन पद्धतीऐवजी क्रायलोव्ह-न्यूटन पद्धत लावा. तरी तिथेच अडलं आणि आधीच्या फेऱ्यांत बळ उतरत आलेलं असेल, तर खांब खरंच संपत आला असण्याची शक्यता आहे. बळ चढत असतानाच अडलं तर मॉडेल तपासा, आणि सुरुवात चिन्हांपासून करा: ओपनसीसमध्ये काँक्रीटचा दाब ऋण लिहायचा असतो.