टायमिंग बेल्ट घरी बदलायचा असेल तर आधी हे जमवून ठेवा

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा) बरोबर वेळेत जुळवून फिरवणारा दातेरी पट्टा. सगळ्यात आधी आपल्या इंजिनला बेल्ट आहे की चेन, ते नक्की करा. मारुती ८००, ओम्नी, झेन, जुनी अल्टो, के सिरीज इंजिन यायच्या आधीची वॅगन आर, सँट्रो झिंग या गाड्यांना रबरी बेल्ट आहे. मारुतीच्या के सिरीज इंजिनांना आणि स्विफ्ट डिझेलच्या १.३ लिटर इंजिनाला चेन आहे, त्यांच्यासाठी ही यादी नाही. मराठवाड्यात पुण्या-मुंबईच्या पासिंगच्या जुन्या गाड्या फार येतात आणि त्यांच्या मीटरवरच्या आकड्याची खात्री नसते. बेल्ट बदलल्याचं बिल हातात नसेल तर तो कधीच बदललेला नाही असं धरून चाला. साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटर अशी मुदत असते, नेमका आकडा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत बघा. गाडी कमी चालली म्हणून बेल्ट टिकत नाही. उन्हाळ्यात पारा ४२-४३ वर जातो, बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त, आणि रबर वयानेही कडक होऊन चिरतं.

जुनी डिझेल गाडी असेल तर थांबून विचार करा. बऱ्याच डिझेल इंजिनांत त्याच बेल्टवर फ्युएल पंपही फिरतो, म्हणजे कॅम आणि क्रँकबरोबर पंपाचीही, अशा दोनऐवजी तीन खुणा जुळवाव्या लागतात, आणि चुकलं तर पिस्टन थेट वॉल्व्हवर आदळतो. पहिलंच काम म्हणून डिझेलला हात घालू नका. पेट्रोललाही आपल्या इंजिनात पिस्टन-वॉल्व्ह भिडतात की नाही याची पक्की माहिती नसेल, तर भिडतात असंच समजून काम करा.

आता सामान. नुसता बेल्ट आणून भागत नाही. बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं) बेअरिंग, टेन्शनरची स्प्रिंग, कॅमचं ऑइल सील, क्रँकचं पुढचं ऑइल सील, वॉटर पंप गॅस्केटसह, फॅन बेल्ट आणि कूलंट, एवढं सगळं समोर मांडून ठेवल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका. तालुक्याच्या गावी बेल्ट मिळून जातो, पण सील आणि स्प्रिंगसाठी छत्रपती संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या दुकानात फोन करून एसटीच्या पार्सलने मागवावं लागतं. दुकानदाराला इंजिन नंबर सांगा, नुसतं मॉडेल आणि साल सांगून चुकीचा बेल्ट हमखास येतो. आला की दात मोजा, रुंदी मोजा आणि दाताचा आकार बघा. गोल दाताच्या पुलीवर चौकोनी दाताचा बेल्ट बसल्यासारखा वाटतो, पण तो टिकत नाही. घरी आणल्यावर बेल्ट घडी घालून, पीळ देऊन किंवा उलटा करून ठेवू नका. आतले धागे तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही.

सीलचा खर्च वाचवायचा मोह सगळ्यांना होतो, आणि नवे बेल्ट वाया जातात ते याच्यामुळेच. जुन्या सीलमधून थेंब थेंब ऑइल बेल्टवर आलं की रबर फुगतं, दात सुटतात. वॉटर पंपाचंही तसंच आहे. जुन्या मारुतींत पंप फिरतो फॅन बेल्टवर, पण काढायचा तर टायमिंग बेल्ट सोडावा लागतो. सहा महिन्यांनी पंप गळायला लागला तर हे सगळं काम पुन्हा.

कूलंट छोट्या मारुतीला चार लिटरच्या आसपास पुरतं. तयार मिसळलेलं आणा, किंवा घट्ट कूलंट आणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात मिसळा. बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, कढईत पांढरा थर धरतं तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत धरतो. जुनं कूलंट झेलायला रुंद घमेलं आणि झाकणाचा कॅन हवा. ते चवीला गोड आणि विषारी असतं. अंगणात सांडलं आणि शेळी, वासरू किंवा कुत्र्याने चाटलं तर जनावर जातं. त्यामुळे जनावरं दुसरीकडे बांधा आणि जुनं कूलंट कॅनमध्ये बंद करून ठेवा.

हत्यारांत १०, १२, १४ आणि १७ च्या गोट्या (सॉकेट), लांब दांडा, एक्स्टेन्शन, रिंग पाने, प्लग पाना, जॅक, दोन मजबूत स्टँड आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळणारा पाना). टॉर्क रेंच ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून मागून आणा, पण त्याच्याशिवाय काम करू नका. ६ मिमीचे छोटे बोल्ट साधारण १० न्यूटन मीटरला बसतात, हाताच्या अंदाजाने ते हेडच्या अ‍ॅल्युमिनियममधले आटे घेऊन बाहेर येतात. बाकीच्या बोल्टांचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमधून कागदावर उतरवून भिंतीला चिकटवा.

क्रँक पुलीचा बोल्ट हा इथला खरा अडथळा. बऱ्याच जुन्या मारुतींत पुली छोट्या बोल्टांनी बसवलेली असते, नुसता बेल्ट काढायचा तर मधल्या मोठ्या बोल्टला हात लावावा लागत नाही. पण क्रँकचं सील बदलायचं तर तो सोडावाच लागतो. त्यासाठी गाडी सगळ्यात वरच्या गिअरमध्ये, एक माणूस ब्रेकवर घट्ट उभा आणि पान्याला लांब पाइप. सुटत नसेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. पाना अडकवून स्टार्टर मारायची पद्धत काही जण सांगतात, ती करू नका, हात मोडतो.

जागा निवडताना काळ्या मातीवर गाडी उचलू नका. माती वरून कडक दिसते, पण स्टँडचे पाय हळूहळू रुततात. शहाबादी फरशीखाली पोकळी असेल तर फरशी तडकते, म्हणून जाड लाकडी फळी टाका. मागच्या दोन्ही चाकांना दगडाची उटी लावा. इंजिनला आधार द्यायचा झाला तर जॅक आणि ऑइल चेंबरच्या मध्ये लाकडाचा ठोकळा हवाच. वारा सुटला की धूळ उडते, तेव्हा आडोसा करा. लाइट जाते, म्हणून चार्जिंगचा दिवा भरून ठेवा.

आता खुणा. पांढऱ्या रंगाची बारीक पेनासारखी बाटली आणा. प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं, आणि पुलीच्या बाजूने बघत फक्त घड्याळाच्या दिशेने फिरवा (जुन्या होंडाचं उलटं असतं). कॅम पुलीची खूण हेडवरच्या खुणेशी आणि क्रँकच्या आतल्या दातेरी पुलीची खूण ऑइल पंपावरच्या बाणाशी एकाच वेळी जुळली पाहिजे. काही इंजिनांत बाहेरच्या पुलीवरही खाच असते, ती इग्निशनसाठी असते. तिच्याशी जुळवून बेल्ट बसवला की दातांचा फरक पडतो. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा फिरतो, म्हणून क्रँक जुळूनही कॅमची खूण खाली दिसत असेल तर क्रँक आणखी एक फेरा फिरवा. जुळल्यावर जुन्या बेल्टवर दोन्ही खुणांसमोर रंग लावा, फोटो काढा, मधले दात मोजून कागदावर लिहा. तेवढेच दात मोजून नव्या बेल्टवर रंग लावून ठेवा. बेल्ट निघताच वॉल्व्हच्या स्प्रिंगमुळे कॅम स्वतःहून झटकन फिरू शकतो, तेव्हा तिथे पाना धरायला दुसरा माणूस ठरवून ठेवा.

बेल्ट चढवताना ढिलाई टेन्शनरच्याच बाजूला आली पाहिजे. मग क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा, खुणा पुन्हा बघायच्या, आणि त्यानंतरच टेन्शनरचा बोल्ट शेवटचा आवळायचा. फिरवताना लोखंडाला लोखंड लागल्यासारखं अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, पण पिकअप जातो आणि आयडलिंगला थरथरते.

आदल्या रात्री इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि सकाळी लवकर सुरुवात करा. पहिला पाना लावायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून बाजूला बांधा. दुसऱ्या दिवशी बाजाराला, परीक्षेला किंवा दवाखान्यात न्यायला हीच गाडी लागणार असेल तर दिवस बदला. बेल्टच्या झाकणावर चिकटवायला एक कोरा स्टिकर आणि न पुसणारं पेनही सामानात टाका, तारीख आणि मीटरचा आकडा त्यावर लिहायचा आहे.