गॅस गिझर बसवायचा कुठे आणि कसा

गॅस गिझर बाथरूममध्ये बसवायचा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण साताऱ्यात गिझर बसवायला आलेला माणूस बहुतेकदा पहिला प्रश्न विचारतो तो "बाथरूमच्या कुठल्या भिंतीला?" हाच. नळ जवळ, पाइप कमी, खर्च कमी. त्याचा हिशोब बरोबर असतो, पण तो पाइपचा. आपण हवेचा करू.

मिनिटाला 6 लिटर पाणी देणारा नेहमीचा घरगुती गिझर पूर्ण जोरात चालला तर तासाला पाऊण ते एक किलो एलपीजी जाळतो, म्हणजे शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाच पट. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण 12 घनमीटर हवा लागते. दहा मिनिटांच्या आंघोळीला दीड ते दोन घनमीटर. आता 4 बाय 6 फुटांचे, 8 फूट उंचीचे बाथरूम धरा. त्यात हवाच जेमतेम साडेपाच घनमीटर. त्यातली जवळजवळ तिसरा हिस्सा हवा एका आंघोळीत खर्ची पडते.

प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो, पण तो न जळलेल्या गॅसचा; मोनॉक्साइड नाकाला कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून जास्त जोराने चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतले बळ जाते, आणि कडी आतून लावलेली असते. दिवाळीच्या पहाटे हा धोका सगळ्यात मोठा. थंडी म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला, घरभर पाहुणे, एकामागून एक अभ्यंगस्नाने. पहिल्याला काही झाले नाही यावरून पाचव्याचे काही सांगता येत नाही.

"एक्झॉस्ट फॅन आहे की" असे सांगितले जाते. लाइट गेली की फॅन थांबतो. गिझर सेलवर पेटतो, तो चालूच राहतो.

तेव्हा जागा बाहेरची शोधा: मागच्या अंगणातली भिंत, धुण्याची उघडी मोरी, उघडी बाल्कनी. काचेच्या सरकत्या खिडक्यांनी बंद केलेली बाल्कनी ही खोलीच, ती चालणार नाही. गिझर बाथरूमच्या झरोक्याखाली किंवा शेजारी लावू नका, नाहीतर झरोक्यातून आत येणाऱ्या हवेबरोबर गिझरचा धूरही आत येईल. झरोक्यापासून आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीपासून चार-पाच फूट तरी बाजूला सरका. पाइप थोडा वाढेल, वाढू द्या.

वाऱ्याचाही विचार हवा. साताऱ्याजवळ यवतेश्वरच्या चढाला किंवा चाळकेवाडीच्या बाजूला, अशा वाऱ्याच्या उंच जागी घर असेल तर उघड्यावर ज्योत सारखी विझेल. आडोशाची बाजू निवडा आणि वर पत्र्याचे लहान छप्पर घ्या, गिझरच्या माथ्यापासून किमान दोन फूट उंच. कपाट करून बंद मात्र करायचे नाही. जळका वायू माथ्यावरूनच बाहेर पडतो. तिथे प्लॅस्टिकची ताडपत्री, कपडे वाळवायची दोरी, विजेची वायर नको.

भिंत विटांची किंवा काँक्रीटची हवी. वाईच्या जुन्या वाड्यांत, साताऱ्याच्या पेठांत मातीत बांधलेल्या भिंती असतात. तिथे फास्टनर (भिंतीत ठोकायचा बोल्ट) धरतो असे वाटते आणि महिन्याभरात डुलायला लागतो. अशा भिंतीला आधी लोखंडी पट्ट्यांची चौकट मारून घ्या. उंची अशी ठेवा की ज्योत दिसायची खिडकी तुमच्या डोळ्यांसमोर येईल. रोज एक नजर टाकता आली पाहिजे. लेव्हल लावून खुणा करा, भोके पाडा, रिकामा गिझर टांगा, हाताने हलवून बघा आणि मगच पाइप जोडा.

पाण्याच्या बाजूला एकच गोष्ट अडते, ती म्हणजे दाब. बहुतेक गिझरांना पेटायला टाकीच्या तळापासून गिझरपर्यंत दोन-अडीच मीटरचा उतार, म्हणजे उंचीतला फरक, लागतो. एकमजली घरात टाकी थेट स्लॅबवर असेल आणि गिझर पाच फुटांवर, तर उतार पाचच फुटांचा, म्हणजे दीड मीटरचा, मिळतो. मग टाकी चौथऱ्यावर उचला, नाहीतर कमी दाबाचे मॉडेल घ्या. गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप वापरा, साधा पीव्हीसी मऊ पडतो. थंड पाण्याच्या तोंडाशी गाळणी आणि व्हॉल्व्ह बसवा.

गॅसची जोडणी एजन्सीच्या मेकॅनिककडून करून घ्या. इथे हात राखून पैसे खर्च करण्यात अर्थ नाही. शेगडीच्या नळीला टी मारून गिझर जोडणारे भेटतात, त्यांना नको म्हणा. गिझरला वेगळा सिलिंडर आणि घरगुती रेग्युलेटरच हवा. हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर अजिबात नको. नारिंगी सुरक्षा नळी दीड मीटरपेक्षा लांब नसावी, तिच्यावरची तारीख वाचा, पाच वर्षांनी बदला. ती भिंतीतून आरपार न्यायची नाही. तसे न्यायचे असेल तर तांब्याची पक्की लाइन टाका. सिलिंडर उभा, जमिनीवर, गिझरच्या थेट खाली नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, तो खाली साचतो, म्हणून शेजारी गटाराची जाळी किंवा तळघराचे तोंड नसावे. घरात पाइपने येणारा नैसर्गिक गॅस असेल तर एलपीजीचा गिझर त्यावर चालवू नका. दोन्हींचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडे, वेगळे असतात.

आता चाचणी. गॅस उघडा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडा फुगला तर बंद करा. काडी ओढून गळती बघणारे अजून आहेत, तसे कधीच करू नका. मग सेल टाका, नळ सोडा. ज्योत निळी, एकसारखी हवी. पिवळी किंवा लांब लवलवणारी दिसली, आवरणावर काजळी धरली, तर तो गिझर त्या दिवसापासून बंद. नळ बंद केल्यावर ज्योत लगेच विझते का हे दोन-तीनदा बघा. गॅसचा वास आला तर विजेचे बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या आणि 1906 ला फोन करा. कोणी गुदमरलेले सापडले तर आधी उघड्या हवेत आणा, मग 108.

पावसाळाभर बंद राहिलेल्या गिझरच्या जेटमध्ये कोळी जाळे करतात, त्यामुळे दसऱ्याच्या आसपास एकदा साफसफाई करून घ्या. बोअरचे पाणी असेल तर कॉइलमध्ये (पाणी तापवणाऱ्या नळीत) क्षार धरतात, तेही तेव्हाच धुवून घेता येतात. उन्हाळ्यात गिझर लागत नसेल तर सेल काढून ठेवा. ते गळले की खालची पेटी सडते आणि नवी पेटी दर वेळी मिळतेच असे नाही.