गार्डन रूटला निघण्याआधी: गीझरच्या पिनपासून संत्र्यांच्या जाळीपर्यंत

दक्षिण आफ्रिकेत गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. स्टिअरिंग उजवीकडे. लोडशेडिंग म्हणजे काय हे तिथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, आणि निम्म्याहून जास्त रस्ताभर सोबतीला असतो तो आपलाच हिंदी महासागर. त्यामुळे केपटाउनहून पोर्ट एलिझाबेथपर्यंत, गार्डन रूट नावाच्या किनाऱ्यालगतच्या वाटेने, स्वतः गाडी चालवत जायचं ठरलं तेव्हा आमच्या कोथरूडच्या घरात एकच सूर होता, 'त्यात काय, गोव्याला जातो तसं जायचं.' जे वेगळं होतं त्याची तयारी आम्ही चोख केली. फसलो ते सारखं वाटलं तिथे. या दिवाळीत मावसभाऊ बायको-मुलांना घेऊन त्याच वाटेने निघालाय. त्याला फोनवर तीनदा सांगून झालं, म्हणून आता लिहूनच काढते.

आधी तारखा. तिथले ऋतू आपल्या उलटे. जून ते ऑगस्ट केपटाउनला थंडी आणि पाऊस एकदमच येतात, डिसेंबरात तिथल्या शाळांना मोठी सुट्टी असते आणि किनाऱ्यावरच्या खोल्यांचे दर चढतात. आपल्या दिवाळीच्या सुमारास तिथे वसंत असतो, संध्याकाळी साधारण सातपर्यंत उजेड असतो, आणि हर्मानसच्या किनाऱ्याजवळ जून ते नोव्हेंबर मुक्कामाला येणारे सदर्न राइट जातीचे देवमासे अजून गेलेले नसतात. त्यासाठी बोटीचं तिकीट काढायलाच हवं असं नाही. आम्ही कड्यावरच्या पायवाटेवर बाकावर बसून पाहिले, सासूबाईंनी तर डबा उघडून पोहे खात.

मग नकाशा. केपटाउन ते पोर्ट एलिझाबेथ एन-टू महामार्गाने सुमारे ७५० किलोमीटर. पुणेकराच्या डोक्यात लगेच गणित सुरू होतं: रस्ता चांगला, पहाटे निघालो तर संध्याकाळी पोचू. पोचाल, पण मग जायचं कशाला? आम्ही दहा रात्री ठेवल्या होत्या: केपटाउनला तीन, हर्मानस आणि मोसेल बेला एकेक, नाइस्नाला दोन, स्टॉर्म्स रिव्हरला एक आणि शेवटी अ‍ॅडोच्या हत्ती-उद्यानासाठी दोन. खरा गार्डन रूट म्हणजे मोसेल बे ते स्टॉर्म्स रिव्हर एवढाच पट्टा, पण त्याच्या अलीकडचं सोडून द्यावं असं काही नाही. गॉर्डन्स बेपासून समुद्राला चिकटून जाणारा आर-४४ रस्ता एन-टूपेक्षा हळू आहे, तोच घ्या. आणि आफ्रिकेचं दक्षिण टोक पाहायचं असेल तर केप ऑफ गुड होप नव्हे, केप अगुलास. आमच्या बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, हे नकाशावर पट्टी ठेवून दाखवेपर्यंत पटलं नाही. आयुष्यभर शाळेत इतिहास-भूगोल शिकवलाय त्यांनी.

मोसेल बेला त्यांच्यासाठीच थांबलो. १४८८मध्ये बार्तोलोमेउ दियाश हा पोर्तुगीज दर्यावर्दी तिथे उतरला, १४९७च्या नोव्हेंबरात वास्को द गामाही तिथे थांबून पुढे आला आणि १४९८मध्ये कालिकतला पोचला. तिथल्या संग्रहालयात दियाशच्या जहाजाची प्रतिकृती ठेवली आहे. ती १९८७-८८मध्ये खरोखरच लिस्बनहून समुद्रातून चालवत आणली होती. बाबा त्या जहाजाच्या डेकवर पावलं मोजत फिरले आणि खाली येऊन म्हणाले, "एवढ्यात ते सगळं सामान घेऊन गेले, आणि आपली डिकी बंद होत नाही."

डिकीवर येतेच, त्याआधी एक नाव. पोर्ट एलिझाबेथचं नाव २०२१पासून ग्केबेऱ्हा झालं आहे. तिथल्या खोसा भाषेतलं नाव आहे आणि सुरुवातीचं अक्षर जीभ टाळूला लावून टक् असं वाजवायचं असतं. विमानात तासभर आमच्या रांगेत टकटक चालली होती. बुकिंग करताना मात्र दोन्ही नावं टाकून शोधा, कुठे जुनं असतं, कुठे नवं.

मग कागदपत्रं. आपल्याला व्हिसा लागतो. त्याचे नियम अधिकृत संकेतस्थळावरच पाहा, मित्राच्या अनुभवावर जाऊ नका. पासपोर्टात दोन कोरी पानं आहेत ना, ते आजच उघडून बघा. मुलं बरोबर असतील तर त्यांचे जन्मदाखले, आई-वडील दोघांची नावं असलेले, जवळ असू द्या. त्यानंतर आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट. ते संगम पुलाजवळच्या आपल्या आरटीओतूनच मिळतं, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. इंटरनेटवर घरबसल्या 'इंटरनॅशनल लायसन्स' विकणारे भेटतील, त्यांचा कागद म्हणजे शोभेची वस्तू. आणि परमिट मिळालं म्हणून मूळ लायसन्स घरी ठेवू नका, दोन्ही लागतात. जो जो गाडी चालवणार त्या प्रत्येकाचं.

विमानाचं तिकीट काढताना एक खाच. मुंबईहून आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे जाणारं तिकीट अनेकदा स्वस्त दिसतं. पण तिथला थांबा बारा तासांहून लांबला तर दक्षिण आफ्रिकेत शिरताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र मागतात, आणि परत येताना आपल्याकडेही त्याची विचारणा होऊ शकते. ही लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, दहा दिवसांनी तिचं प्रमाणपत्र लागू होतं आणि मग जन्मभर चालतं. साठीपुढच्यांना मात्र डॉक्टरांशी नीट बोलल्याशिवाय देऊ नये. आम्ही आई-बाबांचं वय पाहिलं आणि मुकाट्याने दुबईमार्गे महाग तिकीट काढलं.

आता गाडी. इथे मी माझीच फजिती सांगते. बुकिंग माझ्या नावावर होतं, चालवणार मुख्यतः मी, आणि काउंटरवर पुढे केलं नवऱ्याचं क्रेडिट कार्ड, कारण माझं कार्ड 'घरी नीट ठेवलेलं' होतं. अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच क्रेडिट कार्डावर अडकवली जाते, डेबिट नाही, नवऱ्याचं नाही, बापाचं नाही. चाळीस मिनिटं घालवून सगळे कागद नवऱ्याच्या नावाने झाले आणि मी 'जादा चालक' म्हणून वेगळे पैसे भरून माझ्याच सहलीत दाखल झाले. तेव्हा कार्ड स्वतःचं, त्यावर परदेशातले व्यवहार चालू केलेले आणि मर्यादा वाढवलेली हवी. ती रक्कम सुटायला परत आल्यावरही काही दिवस जातात, त्या महिन्याचे हप्ते आधीच बघून ठेवा.

विमा घेताना काच, टायर आणि गाडीचा तळ यांचं काय, हे विचारा. बरेचदा ते वगळलेले असतात, खडीच्या रस्त्यावर तर हमखास. ऑड्सहोर्नजवळचा स्वार्टबर्ग घाट याच कारणासाठी आम्ही लांबून पाहिला. टॉमस बेन यांनी १८८१ ते १८८८ या काळात बांधलेला, अजूनही मातीचाच. गाडी ताब्यात घेताना चहूबाजूंनी व्हिडिओ काढा आणि स्टेपनीत हवा आहे का ते हाताने दाबून बघा, विचारून नव्हे. आम्ही बुक केली होती टोयोटा स्टारलेट, म्हणजे नाव बदललेली आपली बलेनोच. मिळाली पोलो. तिचा इंडिकेटर डाव्या हाताला. पहिला दिवसभर प्रत्येक वळणावर मी कोरड्या काचेवर वायपर चालवले. दोन मोठ्या कडक बॅगा तिच्या डिकीत आडव्या बसेनात. मऊ बॅगा घ्या, कारण सीटवर सामान दिसेल असं ठेवायचंच नाही. सिग्नलला काच फोडून पर्स उचलण्याचे प्रकार होतात. गाडी रिमोटने बंद केल्यावर दार ओढून बघायची सवयही लावून घ्या. रिमोटचा सिग्नल अडवणारे भामटे पार्किंगमध्ये असतात. अंधार पडल्यावर महामार्गावर नको, एवढं पाळलं की बाकी घाबरण्यासारखं आम्हाला काही दिसलं नाही.

आणि आता हातापायांच्या सवयी. हे बॅगेत भरता येत नाही, म्हणून पुण्यातच महिनाभर आधी सुरू करा. तिथे सिग्नलला रोबो म्हणतात, 'दुसऱ्या रोबोला डावीकडे' म्हटलं तर यंत्रमानव शोधू नका. पण खरी परीक्षा सिग्नल नसलेल्या चौकात होते. चारही बाजूंना थांब्याची पाटी. जो आधी पोचला तो आधी जाणार, त्यानंतर दुसरा, मग तिसरा. नाइस्नात मी अशा चौकात थांबले. समोरची बाई थांबली, उजवीकडचा ट्रक थांबला. मी कुणीतरी घुसायची वाट बघतेय, म्हणजे त्याच्यामागून मला घुसता येईल. कुणी घुसेचना. बाबा म्हणाले, "अगं, हॉर्न दे." नवरा म्हणाला, "हॉर्न नको, पुढे हो." समोरच्या बाईने हसून हाताने 'या' अशी खूण केली, तेव्हा कळलं की पाळी केव्हाची माझीच होती. परतल्यावर नळस्टॉपच्या चौकात मी हे करून पाहिलं. मागच्या रिक्षावाल्याने जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

वेगमर्यादा महामार्गावर १२०, इतर मोकळ्या रस्त्यांवर १००, गावात ६०, आणि कॅमेरे असतात. एकेरी लेनच्या रस्त्यावर मागून कुणी घाईत आला तर पुढचा रस्त्याच्या डाव्या कडेच्या पिवळ्या रेषेपलीकडे किंचित सरकून वाट देतो आणि ओलांडून गेलेला दोनदा पार्किंगचे दिवे लुकलुकवून आभार मानतो. बाबांनी पहिल्यांदा ते पाहून "बिघडली वाटतं बिचाऱ्याची" म्हटलं. पेट्रोल पंपावर उतरायचं नसतं, माणूस भरून देतो, काचही पुसतो. त्याला पाच-दहा रँड टीप. पार्किंगमध्ये गाडीवर लक्ष ठेवणाऱ्यालाही तेवढेच. एक रँड पाच रुपयांच्या आसपास धरा आणि त्यासाठी सुटे खिशात ठेवा.

दोन गोष्टी हवेच्या हातात असतात, त्यांना ठरावीक दिवस देऊ नका. टेबल माउंटनची केबल कार वारा सुटला की बंद होते, म्हणून केपटाउनला पोचल्यावर आकाश मोकळं दिसेल त्या पहिल्याच दिवशी वर जा, जेट लॅगचं कौतुक नको. वेळेचा फरक साडेतीन तासांचा तर आहे. दुसरं, चॅपमन्स पीकचा रस्ता. नऊ किलोमीटरमध्ये ११४ वळणं, एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला अटलांटिक, आणि दरड किंवा वाऱ्यामुळे तो बंद ठेवतात. पावसाळ्यात ताम्हिणीला निघण्याआधी आपण चौकशी करतो तशी सकाळी करायची.

कपड्यांचं थोडक्यात: छत्री नको, वाऱ्यात उलटी होते. सिंहगडावर पावसात नेता तो विंडचीटर पुरतो, आत एक स्वेटर. पोहायचं असेल तर केपटाउनच्या अटलांटिककडच्या किनाऱ्यावर नको, पाणी हाडं गोठवतं. शहराच्या दुसऱ्या बाजूच्या फॉल्स बेला किंवा गार्डन रूटला ते बरंच सुसह्य असतं.

प्लगसाठी मी तपकीर गल्लीत गेले आणि ऐटीत 'साउथ आफ्रिकेचा अ‍ॅडॅप्टर' मागितला. दुकानदाराने फोटो बघितला. "ताई, ही आपली गीझरची पिन आहे." खरंच. तीन जाड गोल पिनांचा आपला सोळा अँपिअरचा प्लग तिथल्या भिंतीत बसतो. सोळाचा सहा करणारा साधा कन्व्हर्टर दोन घेतले आणि त्यावर एक एक्स्टेंशन बोर्ड. विमानतळावर त्याच वस्तूचे किती पडले असते ते विचारायला मी थांबले नाही.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. महामार्गालगतच्या फार्म स्टॉलवर ताजा पाव, चीज, जॅम, फळं मिळतात. स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घ्या. पोहे, मेतकूट, भडंग चालतं, पण सगळं दुकानाच्या सीलबंद पाकिटात आणि नाव छापलेलं हवं. सासूबाईंनी घरच्या थालीपिठाची भाजणी बिनलेबलच्या पिशवीत भरली होती. विमानतळावर अधिकाऱ्याने ती उघडून वास घेतला, परत वास घेतला आणि काय आहे विचारलं. भाजणीला इंग्रजीत काय म्हणतात हे आम्हा चौघांनाही सुचेना. सोडली त्याने, पण भरवशावर राहू नका. ताजी फळं, बिया, मध, मांसाचे पदार्थ नेऊच नका.

शेवटचा मुक्काम अ‍ॅडो. १९३१मध्ये हत्ती वाचवायला केलेलं उद्यान, आता सहाशेहून जास्त हत्ती, आणि आत आपलीच गाडी आपणच चालवायची. ताशी ४० किलोमीटर, ठरवून दिलेल्या जागांखेरीज उतरायचं नाही, आणि रस्त्यावर शेणकिडा आला तर आधी त्याला जाऊ द्यायचं, तशी पाटीच आहे. दुर्बीण बॅगेच्या तळाशी नको, पायाशी हवी. आणि लिंबू वर्गातलं कोणतंही फळ आत नेता येत नाही. पूर्वी हत्तींना संत्री खायला घालायचे, त्या वासाची चटक लागून ते माणसांच्या मागे लागायचे, म्हणून ही बंदी. आमच्याकडे तर वाटेत स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली संत्र्यांची अख्खी जाळी होती. टाकायची कल्पना सासूबाईंपुढे मांडायची कुणाची हिंमत नव्हती. फाटकाबाहेर गाडी बाजूला लावली आणि चौघांनी मिळून सतरा संत्री संपवली, सालं पिशवीत बांधून कचरापेटीत टाकली. आत शिरल्यावर पहिला हत्ती गाडीच्या अगदी जवळ येऊन थांबला, तेव्हा बाबांनी हळूच आपले हात रुमालाखाली झाकले.