ज्वेल ऑर्किड: थंडीपूर्वी माध्यम तपासा, ओलावा हवेत वाढवा

पाऊस थांबून हवा कोरडी पडू लागली की ज्वेल ऑर्किडच्या, म्हणजे नक्षीदार पानांसाठी वाढवल्या जाणाऱ्या ऑर्किडच्या, पानांच्या कडा करपायला लागतात. ते पाहून अनेक जण कुंडीत पाणी वाढवतात आणि तिथेच रोप हातचं जातं. कोरडेपणा पानांना जाणवत असतो, पण गारव्यामुळे वाढ मंदावलेली असते. मुळं पाणी कमी ओढतात आणि माध्यम, म्हणजे कुंडीत भरलेलं मिश्रण, उन्हाळ्यापेक्षा जास्त दिवस ओलं राहतं. म्हणून या हंगामात ओलावा हवेत वाढवायचा, कुंडीत नाही.

ही ऑर्किडं झाडावर नाही, जंगलाच्या जमिनीवर वाढतात. लुडिसिया, मॅकोडेस, अनेक्टोचिलस, डॉसिनिया, गुडियेरा हे त्यांचे प्रकार; या सगळ्यांचं मांसल खोड पालापाचोळ्यावरून सरपटत जातं आणि पेऱ्यांपाशी मुळं सोडतं. मुळं खोल जात नाहीत. एखादं रोप हलकेच उपटून पाहा. जाडसर मुळांवर दाट, मऊ लव असते आणि झाडाच्या सालीचे तुकडे, परलाईटचे (फुगवलेल्या ज्वालामुखी काचेचे) हलके पांढरे दाणे तिला चिकटून वर येतात. या लवेला ओल हवी आणि हवाही हवी. माध्यम निवडताना एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

बागेतली माती वापरू नका, गाळलेली किंवा निर्जंतुक केलेलीही नको. चार-दोन पाण्यांत ती दाबून बसते आणि मुळांजवळची हवा संपते. लुडिसिया डिसकलर या गटातली सर्वांत सोशिक. तिच्यासाठी बारीक साल 2 भाग, धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 1 भाग, परलाईट 1 भाग आणि मूठभर लाकडी कोळशाचे तुकडे हे मिश्रण चांगलं चालतं. साल 5 ते 10 मिलिमीटरची घ्या. फुलं देणाऱ्या मोठ्या ऑर्किडसाठी मिळणारी जाड साल इथे कामाची नाही, कारण ही मुळं तिला धरत नाहीत. कोकोपीटमध्ये क्षार असतात. साध्या पाण्यात भिजवून पिळायचं, असं दोन-तीनदा केल्याशिवाय ते मिश्रणात घालू नका. परलाईट मिसळण्याआधी ओलं करा, म्हणजे त्याची धूळ नाकातोंडात जाणार नाही.

मॅकोडेस आणि अनेक्टोचिलस नाजूक. त्यांना नुसतं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ) किंवा त्यात तिसरा हिस्सा परलाईट हे माध्यम मानवतं. मॉस भिजवून मुठीत घट्ट पिळा. पाण्याची धार तुटून थेंबही पडेनासा झाला की भरायला घ्या आणि भरताना दाबू नका. ठासून भरलेलं मॉस मधोमध चिखलासारखं राहतं आणि वरून कोरडं दिसतं, त्यामुळे नजर फसते. हे काम हातमोजे घालूनच करा. स्फॅग्नममधून कधी कधी स्पोरोथ्रिक्स नावाची बुरशी हातावरच्या ओरखड्यांतून शरीरात शिरते.

आता निवडीचा खरा प्रश्न. मिश्रणाचा नुस्खा दुसऱ्याचा जसाच्या तसा उचलू नका, आधी आपला हात ओळखा. रोज पाणी घातल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्यांनी साल आणि परलाईट वाढवावं. चार दिवस कुंडीकडे बघणं होत नाही, त्यांनी कोकोपीट किंवा मॉसचा वाटा वाढवावा. माझ्या मते महागड्या तयार मिश्रणापेक्षा हा हिशेब रोपाला जास्त तारतो.

कुंडी उथळ आणि पसरट घ्या. खोल कुंडीच्या तळाशी मुळं पोचत नाहीत आणि तिथलं पाणी साचून आंबतं. खोड माध्यमात गाडायचं नाही, वर आडवं टेकवायचं.

पाणी कधी द्यायचं हे कुंडी उचलून ठरवा. पाणी दिल्यावर लगेच एकदा उचलून वजन हाताला लावून घ्या, मग हलकी झालेली कुंडी चटकन कळते. साल-कोकोपीटच्या मिश्रणात वरचा बोटाच्या एका पेराएवढा थर सुकू द्या. मॉस मात्र कडकडीत वाळू देऊ नका. पाणी सकाळी द्या आणि पानांच्या बेचक्यांत साठू देऊ नका. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी उत्तम. जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात आणि माध्यमात क्षार साचतात. खत थंडीत जवळपास बंद ठेवा. नवी पानं येतच असतील तर लेबलवर दिलेल्या मात्रेचा चौथा हिस्सा, महिन्यातून एकदा.

लुडिसिया 50 ते 60 टक्के आर्द्रतेत तग धरते, मॅकोडेसला 70 टक्क्यांच्या पुढे हवी. त्यासाठी कुंड्या जवळजवळ ठेवा, खाली ओल्या खड्यांचा ट्रे ठेवा, किंवा नाजूक जाती काचेच्या पेटीत वाढवा. पेटीचं झाकण रोज थोडा वेळ उघडा, कारण कोंडलेली दमट हवा बुरशीला आमंत्रण देते. रात्रीचं तापमान 15 अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ देऊ नका. मॅकोडेससाठी 18 धरा. थंड काचेला पानं टेकली तर तेवढ्याच जागी काळी पडतात. उजेड गाळलेला हवा. थेट उन्हात लुडिसियाचा मखमली गडद रंग विटून तांबूस होतो, आणि उजेड कमी पडला की दोन पानांमधलं अंतर वाढून खोड लोंबू लागतं.

आठवड्यातून एकदा खोडाचा बुंधा पाहा. तपकिरी, पाणीदार कडं दिसलं आणि बोटाने दाबल्यावर मऊ लागलं, तर थांबू नका. आतला भाग पांढरा-हिरवा दिसेपर्यंत निर्जंतुक ब्लेडने वर कापत जा, काप दिवसभर सुकू द्या आणि दोन-तीन पेऱ्यांचा तुकडा ओलसर मॉसवर आडवा ठेवा. पिठ्या ढेकूण पानाच्या देठाशी लपतो, गोगलगायी रात्री येतात; दोन्हींसाठी पानं उलटून बघण्याची सवय हवी.

माध्यम बदलायची घाई आता करू नका. लुडिसियाला हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडावर पांढऱ्या फुलांचे दांडे येतात. फुलं सरून नवे कोंब निघाले की कुंडी बदला. मॉस वर्षभरात कुजून आंबट होतं, सालीचं मिश्रण दीड-दोन वर्षं टिकतं. माध्यमाला आताच आंबूस वास येत असेल तर मात्र थंडी वाढण्याआधीच बदला.

नवी रोपं घेताना ती उती संवर्धनातली (प्रयोगशाळेत वाढवलेली) किंवा छाट्यांपासून केलेली आहेत का हे विचारा. अनेक्टोचिलसची औषधासाठी जंगलातून बेसुमार उपटणी झाली आहे, आणि ऑर्किडचं संपूर्ण कूळ साईट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टांत आहे. जंगलातून आणलेलं रोप कुंडीत बहुधा तगतही नाही. घरी आणलेलं प्रत्येक नवं रोप तीन आठवडे बाकीच्यांपासून वेगळं ठेवा.