मंजुरी आली, पण पैसे खात्यात येईनात

दिरांना अर्धांगवायू झाला आणि गवंडीकाम सुटलं. निराधार आणि दिव्यांगांना दरमहा मदत देणाऱ्या सरकारच्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला दिला. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), ४० टक्क्यांच्या वरचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला (दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये), सगळं जोडलं. मंजुरी आली, पैसे मात्र येईनात. तहसीलवाले म्हणत बँकेत विचारा, बँकवाले म्हणत तहसीलला जा.

शेवटी 'माय आधार' संकेतस्थळावर भाऊजींचा आधार नंबर आणि ओटीपी टाकून 'बँक सीडिंग स्टेटस' उघडलं, म्हणजे आधार कुठल्या बँकेच्या खात्याला जोडलंय ते पाहिलं. तिथे भलत्याच बँकेचं नाव! कधीकाळी शिबिरात काढलेलं, धूळ खात पडलेलं जनधन खातं. अर्जात खाते क्रमांक कुठलाही लिहा, आधारवरून येणारे डीबीटीचे (थेट खात्यात जमा होणाऱ्या सरकारी मदतीचे) पैसे सीडिंग असलेल्या खात्यातच पडतात. आणि बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे सीडिंग झालंच असं नाही. त्याचा संमती अर्ज वेगळा भरावा लागतो. हे काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही.

तो अर्ज भरला, भाऊजींचा अंगठा घेतला (उजव्या हाताने सही आता जमत नाही), पोच मागून घेतली. काही दिवसांनी स्टेटसमध्ये बरोबर बँक दिसली. जुन्या खात्याची केवायसी केल्यावर तिथे अडकलेले हप्तेही निघाले. आता दरवर्षी हयातीचा दाखला तेवढा वेळेवर द्यायचा.