कुत्र्याला बिलगलेलं मूल : रोमँटिक शैलीच्या तैलचित्रात या चुका टाळा

रेबर्न, लॉरेन्स, लँडसीर या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश चित्रकारांच्या धर्तीवर मूल आणि त्याचा कुत्रा रंगवताना सर्वांत मोठा घात होतो तो गडद सावल्यांत. त्या काळात खोल, उबदार अंधारासाठी बिटुमेन हा डांबरी तपकिरी रंग सर्रास वापरला जाई. ताजा असताना तो सुरेख दिसतो, पण पूर्ण सुकतच नाही. वरचा थर कडक होतो, खालचा हलत राहतो आणि मगरीच्या पाठीसारख्या रुंद भेगा पडतात. म्हणून अस्फाल्टमच्या, म्हणजे याच बिटुमेनच्या, ट्यूबच्या वाटेला जाऊ नका. बर्न्ट अंबर (तपकिरी) दोन भाग आणि अल्ट्रामरीन (निळा) एक भाग, एवढ्यात तोच खोलपणा मिळतो. आयव्हरी ब्लॅक पहिल्या थरात नकोच. तो फार उशिरा सुकतो.

तेलाचं प्रमाण थरागणिक वाढलं पाहिजे. पहिला थर नुसत्या टर्पेंटाइनने पातळ करा. दुसऱ्याला तीन भाग टर्पेंटाइन, एक भाग जवसाचं तेल. शेवटच्याला दोन्ही समान. क्रम उलटला की चित्र तडकतं.

गालांची लाली उडते, त्याचं कारणही रंगातच आहे. अठराव्या शतकातला इंग्रज चित्रकार रेनॉल्ड्स याने वापरलेले कार्माइन लेक हे लाल रंग त्याच्या हयातीतच फिके पडले होते. आज अलिझारिन क्रिमझन या गडद लाल रंगाचा पातळ ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, तसाच उडतो. ट्यूबवर पीआर ८३ हा रंगद्रव्याचा क्रमांक असेल तर ती बाजूला ठेवा, पीआर १७७ किंवा पीव्ही १९ घ्या.

मूल ‘छोटा मोठा माणूस’ दिसत असेल तर मापं तपासा. चार वर्षांच्या मुलाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण पाचपट असते, प्रौढाची साडेसातपट. मुलाचे डोळे डोक्याच्या मध्यरेषेच्या किंचित खाली येतात. मूल उठून दिसावं म्हणून कुत्रा मात्र लहान करू नका. लँडसीरने १८३९ मध्ये केंब्रिजची राजकन्या मेरी रंगवली ती भल्यामोठ्या न्यूफाउंडलंड कुत्र्यासोबत, आणि तिचं लहानपण त्या आकारामुळेच जाणवतं.

कुत्रा एका जागी बसत नाही, म्हणून दोघांचे फोटो वेगवेगळे काढले जातात आणि चित्रात दोन सूर्य दिसतात. एकच खिडकी, एकच वेळ, फ्लॅश बंद.

कुत्र्याचे केस एकेक करून रंगवणं ही फार मोहात पाडणारी चूक आहे. आधी चपट्या रुंद ब्रशने अंगाचे उजेडाचे आणि सावलीचे भाग मांडा. सुटे केस फक्त उजेड वळतो त्या कडेला, तेही अगदी मोजके. मुलाचा हात कुत्र्यावर चिकटवल्यासारखा वाटतो तेव्हा बहुधा सावलीतली कड फार धारदार असते. रंग ओला असतानाच कोरड्या मऊ ब्रशने ती मिटवा आणि कुत्र्याच्या पांढऱ्या केसांत मुलाच्या त्वचेच्या रंगाची हलकी झाक आणा.

सुकल्यावर काही जागा निस्तेज, राखाडी झाल्या तर लगेच रंग बदलू नका. आधी तेलाचा अगदी पातळ हात देऊन पुसून घ्या, खरी छटा परत दिसते. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी द्या. कोकणात किंवा मुंबईत ते पावसाळ्यात टाळा. दमट हवेत व्हार्निशवर दुधट झाक चढते.