वसाहतीतील पडीक खुली जागा सावरताना

कोल्हापूरच्या उपनगरांत वसाहतीसाठी राखलेली खुली जागा बरेचदा गाजरगवताने आणि राडारोड्याने भरून गेलेली दिसते. ती माणसांच्या आणि पाखरांच्या उपयोगी आणायची असेल, तर रोपे आणण्याआधी जागेची मालकी तपासावी आणि महापालिकेच्या उद्यान विभागाची लेखी संमती घ्यावी. उभे झाड तोडण्यासाठी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. मात्र ढोली असलेले जुने झाड शक्यतो राखावेच, कारण पोपट आणि पिंगळे तिथेच घरटे करतात.

एक पावसाळा नुसते निरीक्षण करावे. पाणी कुठे साचते आणि लोक कुठून ये-जा करतात, हे पाहून त्याच पायवाटा पक्क्या कराव्यात.

गाजरगवत फुलण्यापूर्वी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुलल्यावर त्याचे परागकण त्वचेला व श्वासाला त्रास देतात आणि एकेका झाडापासून हजारो बिया पसरतात. पण सगळे रान सपाट करणे मला अत्यंत घातक वाटते. रुईच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात, म्हणून रुई जपावी. राज्याचे फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉर्मनसाठी लिंबू लावावे. एका कोपऱ्यात गवत वाढू द्यावे आणि वाळका ओंडका तसाच ठेवावा.

मृगाच्या पावसाने जमीन खोलवर भिजली की लागवड करावी. पळस, पांगारा आणि काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतात, तेव्हा शिंजीर, मैना आणि बुलबुल मधासाठी त्यांच्याकडे धाव घेतात. उंबराची मुळे दूरवर जात असल्याने तो भिंती व गटारांपासून लांब लावावा. बाकांजवळ सावलीसाठी करंज किंवा कडुनिंब उत्तम.

खरी कसोटी पुढच्या दोन उन्हाळ्यांत लागते, कारण लागवडीला गर्दी होते आणि एप्रिलमध्ये पाणी घालायला कोणी नसते. म्हणून तालीम मंडळाशी, म्हणजे गल्लीतल्या तरुण मंडळाशी, आधीच बोलून घरनिहाय पाळ्या लावाव्यात. आसपासच्या शेतांत मुबलक मिळणारे उसाचे पाचट आळ्यात तीन-चार इंच पसरावे, म्हणजे ओल टिकते. मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. पालापाचोळा जाळू नये, खड्ड्यात कुजवावा. खोड जाड होऊ लागले की आधाराची तार सैल करावी, अन्यथा ती सालीत रुतते.